तुझीच आहे, ठेवून घे

बार्शीहून निघाले तेव्हा पिशवीत कडक भाकरी होत्या, शेंगाची चटणी होती, सुजातासाठी दोन लाल रिबिनी होत्या. शाळेचा दाखला तेवढा नव्हता. तो मागितला होता, म्हणूनच मी तो घेतला नाही.

झालं होतं असं. सुजाता माझी मधली मुलगी, यंदा पाचवीत जाणारी. एप्रिलात दिराच्या लग्नाला नणंद आली होती. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्का आणि दाजी उल्हासनगरला राहतात, दाजी अंबरनाथला कारखान्यात कामाला. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. जाताना आक्कांनी विचारलं, सुजाताला सुट्टीला नेऊ का? आणि आमचे हे, लग्नाचं जेवण अंगावर आलेले, पान चघळत म्हणाले, "विचारतेस काय आक्का? तुझीच आहे. ठेवून घे." सगळे हसले. मीही हसले.

आता आपल्याकडे असं बोलायची रीतच आहे. कुणी लुगड्याला हात लावून छान म्हटलं की आपण म्हणतो, घेऊन जा. पाहुण्याला म्हणतो, घर तुमचंच आहे. म्हणून तो काही सातबारा मागत नाही. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. पण आक्का पाट मांडून जेवायलाच बसल्या. जूनच्या सुरुवातीला आमच्या आळीतला एकजण, जो अंबरनाथलाच नोकरीला होता, गावी आला आणि दारातूनच निरोप देऊन गेला, की पोरीचा दाखला पाठवा, आक्का तिचं नाव तिकडच्या शाळेत घालतायत.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ह्यांना विचारलं तर आधी म्हणाले, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो. मग म्हणाले, आक्काला दुखवून कसं चालेल, आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ते खरंच होतं. मग म्हणाले, तूच जाऊन ये, बायकाबायकांत नीट होईल. म्हणजे बोलून मोकळे हे, आणि निस्तरायला मी. शेजारणींचं तर वेगळंच. म्हणाल्या, तुला तीन आहेत, तिला एक असू दे की. जशी काही मी वांगी घेऊन बाजारात बसले होते. थोरली आणि धाकटी ह्यांच्या गळ्यात घातल्या आणि गुरुवारी संध्याकाळी छोटी गाडी पकडली. सोमवारी शाळा उघडणार होत्या.

कुर्डुवाडीला मोठी गाडी मिळाली. घाट उतरताना उजाडलं. कर्जतला सगळा डबा वडे खायला उतरला. मीही एक घेतला, आणि तसाच कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. घाटाखालची हवा म्हणजे झाकण ठेवलेलं पातेलं. आमच्याकडचं ऊन भाजतं, हे उकडतं. खिडकीतून बदलापूर गेलं, अंबरनाथ गेलं, एकाही ठिकाणी गाडी थांबली नाही. मी मात्र प्रत्येक फलाटावर फ्रॉकवाल्या मुली शोधत होते. वेडेपणाच तो.

कल्याणला उतरून रिक्षा केली. उल्हासनगर म्हटल्यावर रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, कॅम्प कौनसा? हे गाव पाच कॅम्पांत वाटलेलं आहे आणि तिथं नुसतं उल्हासनगर म्हणणं म्हणजे आपल्याकडं नुसतं 'मळ्यात जायचंय' म्हणण्यासारखं. कॅम्प एक, विहाराच्या मागची गल्ली, असं सांगितल्यावर तो निघाला. रस्ता अरुंद, दोन्हीकडे दुकानंच दुकानं, कापडाचे तागे थेट रस्त्यापर्यंत आलेले, आणि घराघराच्या जिन्यात शिलाई मशिनांचा आवाज. छत्र्या आणि प्लॅस्टिकचे कोट टांगलेले. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकाच वाक्यात तीन भाषा वापरत होते. दुसरी वेळ असती तर मी दोन तास इथंच रमले असते.

आक्कांच्या दाराला कुलूप होतं.

समोरच्या दारातून एक वयस्क सिंधी बाई बाहेर आली. गल्लीतले सगळे तिला अम्मा म्हणतात असं पुढं कळलं. तिनं मला हाताला धरून आत बसवलं, भाजलेला पापड आणि पाणी पुढं केलं. सिंध्यांत उन्हातून आलेल्याला आधी पापड-पाणी देतात. मी खुळी चहाची वाट बघत राहिले, मग कळलं की पाहुणचार हाच.

ती सांगत होती, आज शुक्रवार, कारखान्याला सुट्टी. तिघं सकाळीच निघाले. आधी अंबरनाथला, दाजींच्या कारखान्याकडच्या शाळेत नाव घालणार म्हणून, तिथल्या स्टेशनजवळच्या शिंप्याकडे गणवेश बघायला, तिथून बदलापूरपलीकडं जांभूळ म्हणून गाव आहे, तिथं दाजींच्या कारखान्यातल्या सोबत्याच्या घरी. उद्या संध्याकाळी परत. "इधर इतने दर्जी पड़े हैं, पर तुम्हारी आक्का को स्कूल के पासवालाच चाहिए," असं म्हणून ती हसली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अच्छा किया बहन, बच्ची उसको दे दी. घर में आवाज आ गई."

मी पापडाचा तुकडा हातातच धरून बसले. उद्या संध्याकाळपर्यंत इथं थांब, माझ्याकडंच जेव, असं ती मनापासून म्हणत होती. पण मला एका जागी बसणं शक्यच नव्हतं. उल्हासनगर स्टेशन गाठलं आणि मिळेल त्या गाडीत चढले. पुढचंच स्टेशन अंबरनाथ.

अंबरनाथला उतरलं की नाकाला आधी कारखाने कळतात. काहीतरी तिखट, औषधी वास. पण झाडं खूप, आणि स्टेशनाबाहेर टांगे उभे. टांगे बघून जरा आपल्या मुलखात आल्यासारखं वाटलं. शिंपी लगेच सापडला. शाळा उघडायला मधे दोनच दिवस, त्यामुळं दुकानात निळ्या कापडाचा ढीग. आक्का येऊन गेल्या का, असं विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, आल्या होत्या, गणवेश तयार नव्हता, आत्ता झालाय. सुजाताचाच ना? तुम्ही कोण?

मी म्हटलं, मुलीची आई.

आता त्यानं मान वर केली. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "आई तर माप देऊन गेली."

भर दुपारी दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. त्यालाही काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, बरं, घरच्याच दिसताय, घेऊन जा. स्कर्ट उलटा करून त्यानं खालची दुमड दाखवली. चांगली वीतभर होती. आक्कांनी मुद्दाम वाढत्या अंगाचा शिवायला सांगितला होता. दरवर्षी थोडा सोडला की सातवीपर्यंत जाईल, तो म्हणाला. मी गणवेश पिशवीत घातला, भाकरीच्या वर. पिशवी एकदम जड वाटायला लागली. सुट्टीची पाहुणी असलेल्या पोरीला कुणी सातवीपर्यंतचं माप देत नाही.

गाडीनं बदलापूरला आले आणि टांगा केला. टांगेवाल्यानं मोठ्या रस्त्यावर सोडलं आणि पुढं नळाच्या कडेनं जायला सांगितलं. तिकडं कारखान्यांना पाणी नेणारे माणसाच्या उंचीचे नळ आहेत. ते नदीवरून निघून कितीतरी लांब जातात. दोन्हीकडे भाताची खाचरं, त्यांत मधेमधे काळे चौकोन. त्याला राब म्हणतात (रोपं टाकायला पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन). घरांवर माणसं चढून कौलं चाळत होती. आभाळ भरून आलेलं, वारा ठप्प. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ब्लाउजची पिन काढून तो अडकवला आणि पाय ओढत निघाले. मनात एकच. समजा पोरगी म्हणाली, मला इथंच राहायचंय, तर? इथं ती एकटी, लाडाची. आमच्याकडं तिघींत एक पांघरूण.

गावच्या नावाला शोभेल अशी जांभळाची झाडं वाटेवर उभी होती, खाली सगळा जांभळा सडा. सोबत्याचं घर विचारत गेले. पडवीत (आपल्याकडची ओसरी) आक्का-दाजी होते, सोबत्याची म्हातारी आई बसली होती, आणि तिच्यापुढं, ताटलीत जांभळं घेऊन, माझी सुजाता. तोंड जांभळं, हात जांभळे, अंगात नवा फ्रॉक. उंच झाली होती.

तिनं मला पाहिलं. मला वाटलं, धावत येईल. ती उठली, आणि मागं सरून आक्कांच्या पदराआड उभी राहिली.

खरं सांगते, त्या क्षणी मी घरून ठरवून आणलेलं एकेक वाक्य विसरले. आक्का गडबडून उठल्या, अगं विमल, अशी अचानक, कळवायचं तरी, म्हणून पाणी आणायला गेल्या. दाजींनी नुसती मान हलवली. म्हातारीनं मात्र "बस गो बाय, दमलीस" म्हणून मला शेजारी बसवलं. पानं मांडली. तांदळाची मऊ भाकरी, सुकटीचं कालवण, वर कैरीची फोड. मी माझ्या कडक भाकरी काढल्या तर म्हातारीनं एक मोडून बघितली आणि ही कौलावर घालायची का, असं विचारलं. सगळे हसले. सुजाता हसली नाही. मान खाली घालून भाकरी चिवडत राहिली. तेवढ्यात म्हातारीनं तिच्याकडं बघत, मग आम्हा दोघींकडं बघत, साधेपणानं विचारलं, "पोरीची आय कंची गो, तुमच्यातली?"

मग आक्का हसून म्हणाल्या, "दोघी."

बोलायला किती गोड. एरवी मीही मान डोलावली असती, कारण रीत तीच. पण याच गोडीनं मला बार्शीहून इथवर तुटक्या चपलेनं आणलं होतं.

"नाही आक्का," मी म्हटलं. "आई मीच. हे ठेवून घे म्हणाले ते बोलायचं म्हणून म्हणाले. मी तिला न्यायला आलेय."

आक्कांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, तू पण हसली होतीस तेव्हा. मी म्हटलं, हसले, तेही तसंच. त्या पानावरून उठल्या आणि मागच्या दारी गेल्या. दाजी ताटातल्या कालवणाकडं बघत हळू म्हणाले, "मी सांगत होतो तिला, लोक बोलतात तसं बोलला असेल तो. ती म्हणाली, माझा भाऊ माझ्याशी तसलं बोलणार नाही."

आक्कांचा राग घेऊन आले होते, तो त्या वाक्यानं गेला. आणि तेव्हाच सुजातानं तोंड उघडलं.

"म्हणजे मला देऊन टाकलेलं नाही?"

लग्नघरात दाराशी उभी राहून तिनंही ते ऐकलं होतं. सगळ्यांना हसताना पाहिलं होतं. दोन महिने ती आत्याकडं सुट्टीला नव्हती. दिलेली मुलगी म्हणून नीट वागत होती. सांगितलेलं ऐकत होती, रडत नव्हती, घरचं नाव काढत नव्हती. मी तिला जवळ ओढलं तशी तिनं जांभळे हात माझ्या पाठीला पुसत जो हंबरडा फोडला, तो मागच्या दारापर्यंत गेला असणार. मीही रडले. म्हातारीला काही कळलं नाही, पण तिनं आमच्या दोघींच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच संध्याकाळी सगळे कॅम्पातल्या घरी परतलो. सकाळी उठले तर सुजाताचे कपडे घड्या घालून पिशवीत भरलेले, वर अम्मानं दिलेले पापड. मी गणवेश काढून आक्कांपुढं ठेवला. तो इथं कुणाला होणार, असं म्हणून त्यांनी तो परत पिशवीत घातला. निळा आणि पांढरा. आमच्या नगरपालिकेच्या शाळेचाही तोच.

उंबऱ्यात सुजाता थांबली. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे आपल्याकडं पोरींना बोलायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. ती म्हणाली, "आत्या, येते."

याला उत्तर ठरलेलं आहे. 'ये' म्हणायचं आणि दार लोटायचं. आक्का तिच्याकडं बघत राहिल्या.

"कधी?" त्यांनी विचारलं.

दाजी रिक्षापर्यंत पोचले होते, ते वळले. पोरीनं माझ्याकडं बघितलं. बोलायचं म्हणून बोलायचं नव्हतं, म्हणून मी जरा वेळ घेतला. मग म्हटलं, "परीक्षा झाली की. मी स्वतः आणून सोडीन, आणि शाळा उघडायच्या आधी स्वतः न्यायला येईन." आक्कांनी मान हलवली. विश्वास बसला नव्हता, दिसत होतं.

बार्शीला पोचलो तेव्हा हे स्टेशनवर आले होते. आक्का काय म्हणाली, विचारलं. तुमचा शब्द खरा मानणारं एकच माणूस आहे जगात, एवढंच मी सांगितलं. त्यानंतर पाहुण्यांना काही देऊ करायचं झालं, की हे आधी माझ्याकडं बघतात.

सुजाता त्या वर्षी तो गणवेश वीतभर दुमडीसकट घालून शाळेत गेली. पुढच्या एप्रिलात मी तिला कॅम्प एकमध्ये सोडलं आणि जूनमध्ये न्यायला गेले, तेव्हा स्कर्ट सोबत घेऊन गेले. तो गुडघ्याच्या वर चढला होता. बार्शीत मलाही उसवता आला असता. आक्का चष्मा लावून दारात बसल्या, एकेक टाका काढला, दोन बोटं सोडून पुन्हा घातला. सुजाता समोर उभी राहून पायांवर लावून बघत होती.

रिक्षा आली. सुजाता म्हणाली, "आत्या, येते."

या खेपेला आक्कांनी काही विचारलं नाही. सुईतला दोरा दातानं तोडत त्या म्हणाल्या, "ये."