हिंजवडी ते बुधवार पेठ, मेलेला लॅपटॉप पाठीवर

हा प्रवास मला करायचा नव्हता. घरमालकाने करायला लावला.

आमच्या हिंजवडीच्या हॉस्टेलात सकाळी कंपन्यांच्या बस गेल्या की मालक खाली येऊन मेन स्विच पाडतात. सगळे ऑफिसात, मग वीज कशाला? गुरुवारी मी मात्र खोलीत होतो, कारण मला अजून नोकरीच नाही. खोली फक्त कंपनीवाल्यांना देतात, म्हणून मला नोकरी आहे असं मी मालकांना सांगितलंय. रोज पोरांबरोबर बाहेर पडतो आणि फिरत बसतो.

त्या दिवशी थांबलो, कारण सोमवारी एका सपोर्टच्या कामासाठी टेस्ट आहे आणि लॅपटॉप आपलाच न्यायचाय. त्यांचं सॉफ्टवेअर माझ्या जुन्या यंत्रावर चालेना. बायोस, म्हणजे लॅपटॉपमध्ये सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, नवं टाका असं त्यांनीच कळवलं होतं. सूचना दोनदा वाचल्या. बॅटरी मेलेली, पण चार्जर होता. स्क्रीनवरची प्रगतीची पट्टी निम्म्यावर आली आणि पंखा थांबला. छतावरचाही आणि लॅपटॉपचाही.

थोड्या वेळाने मालकांनी पाण्याच्या मोटरसाठी स्विच वर केला, तेव्हा बटण दाबलं. दिवा लागला, स्क्रीन काळी. खाली जाऊन ओरडावं तर खोली जायची. दात आवळून निघालो.

जाणाऱ्यांसाठी: आधी सायबर कॅफेत लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून बायोसची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मग मनपाची, म्हणजे पुणे महापालिकेच्या थांब्याला जाणारी बस. वाकडपर्यंत ती चालत नाही, रांगते. मोबाईलवर मदतीचं पान वाचायला भरपूर वेळ मिळतो. दोन बटणं दाबून धरत चालू केलं तर यंत्र पेनड्राइव्हवरून बायोस परत घेतं, असं त्यात होतं. शेवटी बारीक अक्षरांत: बॅटरी बसवलेली आणि चार्ज असली तरच. हे वर लिहायला कुणी अडवलं होतं?

मनपाहून पूल ओलांडून बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांकडे, चालतच जा, रिक्षा करू नका. पहिल्या चकचकीत दुकानात दुकानदाराने लॅपटॉप हातातही घेतला नाही.

"मदरबोर्ड गेला."

"अहो, उघडून तरी बघा."

"गेलेल्याला उघडून काय बघायचं? तो ठेवा, नवीन घ्या. हप्त्यावर देतो."

रागाने कान तापले. समोर चहा घेतला, क्रीमरोल खाल्ला, पण चव कळली नाही. मागच्या बोळात जुन्या सुट्या भागांच्या दुकानात एक काकू बसल्या होत्या. माझ्या मॉडेलची वापरलेली बॅटरी होती त्यांच्याकडे.

"लावून बघू का काकू?"

"बॅटरी म्हणजे साडी आहे का, अंगावर टाकून बघायला?" मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "बसा. चार्ज आहे अर्धी. बॅटरीचा प्लग मी लावते, तुम्ही हात लावू नका."

पेनड्राइव्ह लावला, दोन बटणं दाबून धरली, चालू केलं. पंखा जोरात सुटला. स्क्रीन काळीच. माझी बोटं आखडली.

"सोडू नका," काकू म्हणाल्या. "इथवर आलात ना?"

टूं-टूं वाजलं, यंत्र आपोआप बंद होऊन चालू झालं आणि स्क्रीन उजळली. काकूंनी पाचशे घेतले. मला आनंद व्हायला हवा होता. आठवत होता फक्त तो मेन स्विच.

परतलो तेव्हा मालक फाटकात खुर्ची टाकून बसले होते.

"लवकर आलास? कंपनी बंद हाय का?"

हो म्हणून वर जाता आलं असतं.

"काका, सकाळी तुम्ही मेन पाडला तेव्हा मी खोलीत होतो. माझा लॅपटॉप बिघडला."

"कामाच्या दिवशी खोलीत कशापायी?"

"काम नाहीये म्हणून. सोमवारी टेस्ट आहे."

"म्हंजी खोटं बोललास. हितं बिनकामाचं कुणी ठेवत न्हाय मी."

"नका ठेवू. पण विचारल्याशिवाय स्विच पाडायचा नाही. माणूस आत असू शकतो."

ते खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "सोमवार संध्याकाळपर्यंत ऱ्हा. मग बघू."

आज शनिवार. टेस्टचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालतंय. बॅग भरून ठेवलीय, कारण सोमवारचं सांगता येत नाही. राग गेलेला नाही. पण काल सकाळी दारावर थाप पडली. "आत कोण हाय का?" मालक विचारत होते.

"आहे," मी म्हणालो. ते तसेच खाली गेले. दिवसभर पंखा चालू होता.