भागलं की अडथळा, गुणलं की ताकद

चार मोठी माणसं रोज संध्याकाळी तारांशी भीत भीत खेळू लागली, की किस्से आपोआप साठतात. नाशकातल्या आमच्या वायरमनच्या वर्गाचं तेच झालं. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं; गावात वीज नवीन. मी एम.एस्सी. होऊन शिकवायला उभा राहिलो, पण आपण सांगतो ते समोरच्याला कळतं की नाही, ही धाकधूक तेव्हाही होती, आजही आहे. आठवणीत थोडं कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या.

*

पहिल्याच दिवशी मी गोदावरीचं उदाहरण दिलं. पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज, वाहणारं पाणी म्हणजे करंट, वाटेतले दगड म्हणजे रेझिस्टन्स. वाटलं, छान जमलं!

पंचवटीचे गंगाधरभटजी पूजा आटोपून वर्गाला येत. ते उठून म्हणाले, "मास्तर, पुराचं पाणी आमच्या ओसरीवर येतं. तिथे फ्यूज कुठे बसवू?"

*

सटाण्याचा तुकाराम भारी उत्साही. करंट मोजायचं मीटर दिव्यातून जाणाऱ्या तारेत जोडायचं असतं. यानं दिवा वगळला आणि मीटर थेट दोन्ही तारांवर लावलं. फाट! काटा टोकाला आपटून वाकला. मी घामाघूम.

तुकाराम मात्र खूश. आपल्या अहिराणीत म्हणाला, "मास्तर, वीज भरपूर शे!"

*

यूसुफभाई विणकर घरातले. त्यांच्या अब्बांना कंदिलाच्या उजेडात मागावरचा तुटलेला धागा दिसेनासा झाला होता. मागावर विजेचा दिवा हवा होता. दुसऱ्याकडून करून घेणं झेपणारं नव्हतं, आणि स्वतः तार ओढायला परवाना लागे. त्या परीक्षेत यूसुफभाई एकदा नापास झालेले.

घोळ एकच. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर. ते नेमकं उलटं करत. दोनशे तीस व्होल्टची, अडीच अँपिअर घेणारी शेगडी दिली, तर म्हणाले, "पॉवर ब्याण्णव वॅट."

भटजी कळवळले. "अहो यूसुफभाई, या शेगडीवर संक्रांतीला भात ठेवला तर शिमग्याला शिजेल!"

त्या दिवसापासून यूसुफभाई उत्तर देण्याआधी मनातल्या मनात भात शिजवून बघू लागले.

*

एकदा विझलेल्या दिव्याचा रेझिस्टन्स मोजला, मग पेटलेल्याचा हिशेब केला. आकडा कितीतरी पट वाढला! तार तापली की असं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी सगळ्यांसमोर माझाच विश्वास डळमळला.

यूसुफभाईंनी धीर दिला. "बरोबर आहे, मास्तर. आमचे अब्बाही तापले की कुणाचं ऐकत नाहीत."

*

परीक्षेला मुंबईहून साहेब आले. आत फक्त उमेदवार. मी बाहेर व्हरांड्यात, खिडकीचे गज धरून. साहेबांनी दिवा लावला, मीटरं दाखवली. दोनशे तीस व्होल्ट, अर्धा अँपिअर; रेझिस्टन्स काढा, पॉवर काढा. यूसुफभाईंनी पाटीवर काहीतरी लिहिलं, खिडकीकडे बघून मान हलवली. पुन्हा लिहिलं, पुन्हा बघून मान हलवली.

साहेब ताडकन उठले. "बाहेरून मास्तर उत्तरं सांगतायत का?"

मी गज आणखी घट्ट धरले. आता मीच यांना बुडवलं!

"नाही साहेब," यूसुफभाई शांतपणे म्हणाले. "ते कुठले सांगतायत! मीच त्यांना खुणावतोय, बरोबर येतंय म्हणून. मघापासून बघा ना, कसे उभे आहेत!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाटीकडे. मग दाराशी येऊन शिपायाला म्हणाले, "यांना पाणी द्या आधी. आणि यांचा माणूस पास झालाय, तेही जरा हळूच सांगा!"