मास्तरांचे वडील

साठ सालाच्या आसपास कुवेतला एका बांधकाम कंपनीच्या क्वार्टर्समध्ये आम्ही तिघे एका खोलीत राहत होतो. मी टायपिस्ट. दुसरे स्टोअरकीपर, पूर्वी पुण्यात इतिहास शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. तिसरा रत्नागिरीकडचा ड्रायव्हर, खलाशाचा मुलगा, मास्तरांहून बराच लहान.

जेवताना मास्तर रोमन सैन्याच्या गोष्टी सांगत. शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्याला सोन्याचा मुकुट मिळे. पण त्याहून मोठा मान ओकच्या साध्या पानांच्या मुकुटाचा. लढाईत दुसऱ्या नागरिकाचा जीव वाचवणाऱ्यालाच तो मिळे.

“आणि वाचलेल्याने,” मास्तर बोट उगारून सांगत, “वाचवणाऱ्याला जन्मभर वडिलांसारखं मानायचं!”

एका शुक्रवारी आम्ही सलव्याच्या किनाऱ्यावर गेलो. तेव्हा तिथे वाळूखेरीज काही नव्हतं. मास्तर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आम्हाला रोमन आरमार समजावत होते. बोलता बोलता मागे सरकले आणि दिसेनासे झाले. ड्रायव्हरने कपड्यांसकट झेप घेतली.

“लाथा मारू नका मास्तर, गप ऱ्हावा!” एवढंच मला ऐकू आलं. मग त्याने मास्तरांना काखेत धरून काठावर आणून टाकलं.

मास्तरांचा श्वास जागेवर आल्यावर मी विचारलं, “मास्तर, आता मुकुटाचं काय?”

“ही लढाई नव्हती,” मास्तर खोकत म्हणाले. “शत्रू ठार मारावा लागतो. तशी अट आहे.”

“दर्या कसा ठार मारू?” ड्रायव्हर म्हणाला. “आणि लाथा तुम्हीच मारीत होता. शत्रू तुम्हीच!”

तिसऱ्या दिवशी मास्तर बाजारातून मुळ्याचा पाला घेऊन आले, त्याचं कडं वळलं आणि सगळ्या मेससमोर ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवलं. आम्ही सगळे हसलो.

ड्रायव्हरने मात्र वडीलकी मनावर घेतली. मास्तरांची सिगारेट त्याने बंद केली. पायमोजे उशीखाली ठेवले म्हणून दम दिला. “बापासमोर उलटं बोलायचं नाय,” असं तो म्हणाला की मास्तर मुकाट्याने मान खाली घालत. नियम त्यांचेच, मोडायचे कसे?

पुढे ड्रायव्हरचं गावी लग्न ठरलं आणि आम्ही दोघेही रजा जुळवून गेलो. त्याने मास्तरांना आईपुढे उभं केलं.

“आई, हा माझा मोठा मुलगा.”

आई मास्तरांच्याच वयाची. तिने त्यांचे पिकलेले केस पाहिले, मग लेकाकडे पाहिलं. हकिकत ऐकल्यावर तिने मास्तरांना जवळ बसवलं, पुढ्यात सांदणांची ताटली ठेवली आणि म्हणाली, “खा बाळा. लाजू नको, आजीचंच घर हाय.”

मास्तरांनी सगळी सांदणं संपवली.