पायरीवरच्या लाविनिया वन्सं

लाविनिया वन्सं नर्स म्हणून आमच्या बेटावर आल्या, तेव्हा गावाने त्यांच्यासाठी डुक्कर भाजलं. आणि त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सेमिसीने, दवाखान्याची वाटच सोडली.

सेमिसीला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप दुखावली. घसा धरून तो ताप पुन्हा उलटला तर झडप कामातून जाणार, म्हणून दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई ठरलेली, तीही कमरेखाली. आधी पुरुष नर्स होता, तोवर ठीक चाललं. आता बेटावर नर्स एकच, आणि ती बहीण! आमच्यात वयात आलेले भाऊबहीण एका खोलीत बसत नाहीत, अंगाबिंगाचं तर एकमेकांदेखत बोलतसुद्धा नाहीत. मग हा सुई टोचून घेतो कसला!

तीन खाडे झाले. अळकुड्यांचं टोपलं उचलताना त्याला धाप लागायला लागली. मरशील पण लाज सोडू नकोस, असं मी चिडून म्हटलंसुद्धा. हा ढिम्म.

वन्संनीही त्याला एका शब्दाने विचारलं नाही. मी मासे साफ करत होते तिथे आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, सुई तू द्यायचीस."

मी उडालेच. पण वन्सं कसल्या ऐकतात! आठवडाभर कच्च्या पपईवर माझा हात बसवून घेतला. बाटली तळहातांत घोळवून तिचा गारवा घालवायचा. औषध दुधासारखं पांढरं, दाट. घाईने ढकललं की सुईतच अडतं. पपई कळवळत नाही आणि नवरा कळवळतो, एवढंच तेवढं सांगायचं राहिलं.

पहिल्या दिवशी सेमिसी चटईवर पालथा, मी घामाघूम, आणि वन्सं बाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करून. सुई आत गेली तसा तो विव्हळला. एकदाचं ढकलून मोकळं व्हावं असं मला झालं. वन्संना ते बाहेर कळलं असणार. पण भावाच्या कानावर पडेल असं सांगणार कसं? त्यांनी चर्चमधलं गाणं म्हणायला घेतलं, अगदी संथ. माझ्या ध्यानात आलं. त्या लयीत मी दट्ट्या ढकलत राहिले. कडवं संपलं तेव्हा औषधही संपलं होतं.

अठरा वर्षं असं चाललं. चौथा शनिवार आला की वन्सं पायरीवर, तोंडी तेच गाणं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटायचं, काय देवभोळं कुटुंब! आठवलं की अजून हसू येतं. ते दिवस गेले, वन्संही गेल्या.

वन्सं होत्या तेव्हाचीच गोष्ट. सेमिसीने चाळिशी ओलांडली, तेव्हा बोटीने आलेल्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं आणि आता सुई बंद केली तरी चालेल म्हणाले. पुढच्या चौथ्या शनिवारी वन्सं तरीही आल्या. आता सुई नाही, असं मी सांगितलं. ठाऊक आहे म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.

सेमिसी आतून माझ्याशी बोलला, पण बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. "तिला सांग, एकदाही दुखलं नाही."

अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने तो विषय काढला, आणि तेही धडधडीत खोटं. दोन-दोन दिवस लंगडायचा मेला! ती सुई किती दुखते हे वन्संइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी वळून पाहिलं नाही. तळहाताने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "सांग त्याला, माझ्या वहिनीचा हातच हलका होता म्हणून."