टीचरांचा पालना

सकाळी सात. पाचूबंदरचा धक्का, मासळीचा लिलाव सुरू. शेजारच्या खोलीत जुन्या नायलॉन जाळ्यांच्या झोळ्या टांगलेल्या, त्यांत कोळणींची पोरं झोपलेली. मार्था टीचर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, एक झोळी हलवताहेत. ही खोली म्हणजेच त्यांची संस्था. मी बातमीदार; पेपरात न छापलेल्या गोष्टी माझ्याकडे रद्दीसारख्या साठतात. निम्म्या या खोलीतल्या आहेत.

खोलीवर पाटी होती ‘पाळणाघर’. फंड देणारी कंपनी म्हणाली, पाळणाघर आता चालत नाही, बालविकास चालतो. पाटी बदलली. पुढे कौशल्यविकास आला, मग हवामान. हवामानवाल्यांच्या अहवालात झोळ्या ‘प्लास्टिकचा पुनर्वापर’ म्हणून चढल्या. कोळणी पाटीकडे बघतही नाहीत. “टीचर, पोराला पालन्यात टाकते. उठला की पानी पाजा.”

एकदा कंपनीचा फोटोग्राफर आला. त्याला उदास चेहरे हवे होते आणि पोरं खिदळत होती. टीचर म्हणाल्या, “रडकी हवीत तर उद्या सहाला ये. आई निघाली की पाच मिनिटं रडतात. तेवढ्यात उरक.”

कंपनीच्या एका साहेबांनी विचारलं, “तुमची एक्झिट स्ट्रॅटेजी काय? म्हणजे, यातून बाहेर कसं पडणार?”

“सहा वर्षांचं झालं की शाळेत जातं.”

साहेबांनी लिहून घेतलं.

यंदा कंपनीने कळवलं: पोरं हलवा, खोलीत महिलांचा कॉम्प्युटर क्लास, रोज सात ते दहा. टीचर म्हणाल्या, “सातला बायका लिलावात असतात. शिकणार कोण, बोंबील?” फंड गेला. आता कोळणी आळीपाळीने एक दिवस लिलाव सोडून टीचरांच्या हाताखाली बसतात. पालना एक दिवसही बंद पडलेला नाही. इतकी वर्षं बातमीदारी केली, पण एवढा ताठ नकार मंत्रालयातही ऐकला नाही.

फंड जाण्याआधी कंपनीने पाहणीला एक मॅडम पाठवल्या. विरारहून आल्या त्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा घेऊन. त्याचं डे-केअर त्या दिवशी बंद होतं. टीचरांनी काही न विचारता त्याला झोळीत घातलं. मॅडम तासभर टेपने खोली मोजत होत्या. निघताना म्हणाल्या, “घरी एवढा शांत झोपत नाही हो.”

त्यांचा अहवाल मी वाचला आहे. शेवटची ओळ: ‘पाळणाघराची गरज आढळली नाही.’

तो तासभर मॅडमचा मुलगा कुठे होता, असं मी कंपनीला लेखी विचारलं. तीन पत्रं पोचल्याच्या पावत्या तेवढ्या माझ्याकडे आहेत.