विक्रोळीच्या चाळीची शिरगणती

घाटकोपरला आमच्या शेजारी एक प्रोफेसर राहत. समाजशास्त्र शिकवीत. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत त्यांनी विक्रोळीतल्या एका चाळीची पाहणी हाती घेतली. चाळीत चाळीस खोल्या, माणसे कोकणातली, नळ एक. लोकांनी माहिती द्यायची आणि प्रोफेसरांनी तिच्या आधारे म्युनिसिपालिटीकडे दुसरा नळ मागायचा, असे ठरले होते. त्यांच्या विभागप्रमुखांना हे संशोधन वाटत नव्हते. मी सरकारी कचेरीत आकडेवारीच्या खात्यात असल्याने बेरजा तपासायला प्रोफेसरांनी मला नेले.

बेरीज आली चारशे बारा. म्हणजे दर खोलीत दहाच्या वर माणसे. खोली मी पाहिली होती. दहा माणसे तिच्यात उभी राहिली असती, झोपली नसती. रविवारी आम्ही पुन्हा गेलो. पहिल्याच खोलीतल्या म्हाताऱ्या बाईंनी अकरा माणसे सांगितली होती. खोलीत चार दिसत होती. उरलेली गावी होती.

"मग ती कशाला धरलीत?" मी विचारले.

"गावाक आसत म्हणान काय आमची नाय?"

सगळ्या चाळीने असेच मोजले होते. गावची माणसे वगळली तेव्हा दोनशे सदतीस उरली. प्रोफेसरांचा चेहरा पडला. एवढ्यांना एक नळ पुरतो असे साहेब म्हणतील, तेव्हा चारशे बाराच राहू द्या, असे त्यांनी सुचवले. मी म्हटले, म्युनिसिपालिटीचा माणूस एकदा येऊन मोजून गेला की खरे आकडेही कोणी मानणार नाही. यावर बाई म्हणाल्या की माणसे कशाला मोजता, पाणी जाते तेव्हा येऊन बघा.

पाणी पहाटे पाच ते सात. सातला नळ थांबला तेव्हा रांगेत एकसष्ट हंडे-कळश्या रिकाम्या होत्या. सहा दिवस आम्ही आळीपाळीने मोजल्या. साठाच्या खाली एकदाही आल्या नाहीत. पाहणीच्या छापील फॉर्मात रिकाम्या भांड्यांचा रकाना नव्हता. तो मी पट्टीने आखला. अर्ज आधी चाळीत वाचून दाखवला, मग पाठवला.

दुसरा नळ सात महिन्यांनी आला. विभागप्रमुखांनी चाळीवरचे प्रकरण प्रोफेसरांच्या प्रबंधातून काढायला लावले होते, तरी प्रोफेसर पहाटे मोजायला हजर होते. रिकामी भांडी चार निघाली. त्यांना ती खटकली.

"ती उशिरा उठणाऱ्यांची," बाई म्हणाल्या. "धरू नकात."

मी चार लिहिली.