फंग देशानचे पुढचे दात

आमच्या पंचक्रोशीत फंग देशानच्या सनईशिवाय मढं उचलत नाहीत. मी त्यांची बायको, पण म्हणून फुशारकी मारत नाही, कोणालाही विचारा. चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या आईबापांना वाजवत पोचवतोय, आणि घरात बायकोशी दोन शब्द नीट बोलेल तर शपथ!

लू गुरुजींना मात्र त्यांनी शब्द दिला होता. हे नऊ वर्षांचे असताना गुरुजींनी यांना घरात ठेवून घेतलं, श्वास न तोडता वाजवायला शिकवलं. आता गुरुजी नव्वदीचे, अंथरुणाला खिळलेले. भेटायला गेलं की म्हणायचे, "देशान, मला दुसऱ्या कोणी पोचवायचं नाही हं."

"मी आहे ना गुरुजी, तुम्ही निघा तरी!" असं हे म्हणायचे, आणि दोघेही खो खो हसायचे.

दोन वर्षांपूर्वी यांच्या उशीवर रक्ताचे डाग दिसायला लागले. हिरड्या सुजलेल्या, तोंडाला वास. आमच्याकडे याला एकच नाव, उष्णता. औषधही ठरलेलं: खडीसाखरेत शिजवलेली नासपती, वर शेवंतीचा चहा, त्यातही खडीसाखर. यांना मधुमेह होता, हो. लग्नाच्या पंगतीत गोडाला हात लावू द्यायची नाही मी. पण खडीसाखर थंड, ती औषधातली, ती कुठे साखर! रोज दोन वाट्या माझ्या हातांनी पाजल्या. ब्रशने रक्त येतं म्हणून ब्रशही मीच बंद करायला लावला.

वरचे पुढचे दात हलायला लागले, तेव्हा आमची पोरगी छ्याओलिंग शहरातून आली आणि यांना अक्षरशः ओढत जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. दातांची डॉक्टरीण अगदी पोरसवदा.

"आजोबा, हिरड्यांखाली जंतूंनी घर केलंय. रक्तात साखर एवढी, की शरीराला त्यांच्याशी लढताच येत नाही. आणि ही सूज आहे तोवर साखरही धड खाली येत नाही."

"अगं, पण मी रोज उष्णतेवर नासपती देते की!" मी म्हटलं.

"कशात शिजवून?"

"खडीसाखरेत."

तिने हातातला आरसा खाली ठेवला. पोरीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

"हे चार दात काही राहणार नाहीत," डॉक्टरीण हळूच म्हणाली.

"दात गेले तर ओठाला आधार कुठला? सनईची पत्ती धरू कशी?" हे एकदम म्हणाले. "गुरुजी जाईपर्यंत तरी टिकवा."

"कुठे जाणारेत गुरुजी?"

मी बोटाने वर दाखवलं.

तिने हिरड्या आतून साफ केल्या. मधुमेहाच्या गोळ्या बदलून मिळाल्या, ब्रश परत सुरू झाला. खडीसाखरेची बरणी मी नाल्यात उपडी केली. साखर थोडी उतरलीही. पण हाड आधीच झिजलेलं. पहिला दात वाफवलेल्या पावात अडकून निघाला, बाकीचेही तीन महिन्यांच्या आत गेले. खोटे बसवले, तर फुंकताना ते सुटून पुढे यायचे. हे रोज अंगणात बसायचे, फुंकायचे, पुसायचे, पुन्हा फुंकायचे. मी आत चुलीपाशी पदराने कान दाबून बसायचे.

गव्हाच्या कापणीआधी गुरुजी गेले.

हे कमरेला सुतकाचा पांढरा पट्टा बांधून मांडवात सगळ्यांच्या पुढे बसले. नको म्हटलं, तर डोळे वटारले. सनई ओठांना लावली. नुसती हवा. पुन्हा लावली. ओठ आत गेला, थुंकी हनुवटीवर आली. मागे कोणीतरी खाकरलं. शवपेटी उचलायला माणसं खोळंबली होती.

तेव्हा गुरुजींचा मुलगा उठला, लाउडस्पीकरपाशी गेला आणि त्याने मोबाइल जोडला. सनई घुमायला लागली. मी लगेच ओळखली. यांचीच होती, दहा वर्षांपूर्वी गुरुजींच्या बायकोला पोचवताना वाजवलेली.

पेटी उचलली. म्हाताऱ्या हंबरडा फोडायला लागल्या. हे पत्ती तोंडात धरून, गाल फुगवून, भोकांवर बोटं नाचवत पुढे चालत होते. एक बोट चुकलं नाही.

"अगंबाई, आज काय वाजवतोय गं तुझा देशान!" शेजारीण डोळे पुसत म्हणाली.

"हो ना, छान वाजवतायत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते मी?